क्रमांक सतराची नाडी

पद्मजावहिनींनी तक्रारअर्ज काचेखालून आत सरकवला, तेव्हा मृणालला आधी दिसलं ते त्यांच्या उजव्या करंगळीचं नख. नखाच्या मध्याच्या किंचित वर गव्हाच्या दाण्याएवढा काळपट डाग होता. मुळापासून अंदाजे सहा मिलिमीटर. हाताचं नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. मार बसतो तेव्हा रक्त मुळाशी साकळतं आणि मग नखाबरोबर पुढे सरकत राहतं. म्हणजे या बोटाला मार बसून दोन महिने झाले होते. अर्जावर पहिल्या खरेदीची तारीख होती सोळा ऑगस्ट. आज अठरा ऑक्टोबर होती.

"दारात सापडलं का बोट?" मृणालने विचारलं.

"दारातच," वहिनी म्हणाल्या. "दार कुणी लावलं ते इचारू नका, वन्सं."

मृणालने विचारलं नाही. तिच्या मोठ्या भावाशी लग्न करून वहिनी खराड्यांच्या घरात आल्या त्याला अकरा वर्षं झाली होती. न विचारण्याची सवयही तितकीच जुनी होती.

जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीतलं खरेदी पडताळणी केंद्र मृणाल एकटी चालवत असे. लोक खोकी घेऊन येत. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी निघालेली असे, पैठणीच्या जागी पॉलिस्टर. ती खोकं तोलून, उघडून बघे आणि मग गिऱ्हाइकाच्या मनगटावरच्या पट्टीची नोंद वाचे. खरं काम तेच होतं.

पट्टी एका साध्या निरीक्षणावर उभी होती. फसणाऱ्या माणसाचं शरीर त्याच्या आधी सावध होतं. समोरच्याने घाई लावलेली असते, तेव्हा पैसे पाठवण्याच्या आधीच्या मिनिटात बोटांच्या टोकांतलं रक्त ओसरतं, तळहाताला बारीक घाम सुटतो, नाडी वाढते आणि बटण दाबताना श्वास अडकतो. माणसाला वाटत असतं, आपण नीट विचार करून घेतोय. शरीराला मात्र कळलेलं असतं की कुणीतरी पाठीमागे लागलंय. पट्टी कातडीत प्रकाशाचा किरण सोडून रक्ताचा प्रवाह मोजते, दोन ठोक्यांमधली अंतरं तपासते. भीतीच्या खुणा जुळल्या तर ती लाल होते आणि व्यवहार थांबतो. न जुळल्या तर हिरवी होते, आणि नोंदीत एकच शब्द उमटतो: 'स्थिर'. एका महिन्यात तीन व्यवहार असे थांबले की पुढचे तीस दिवस कुलूप.

चार वर्षांपूर्वी कायदा झाला. पट्टीशिवाय ऑनलाइन खरेदी बंद. फसवणुकीच्या तक्रारी वर्षभरात दहाव्या हिश्शावर आल्या. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. 'स्थिर' शिक्का पडलेली खरेदी राजीखुशीची मानली जाईल. पैसे पासष्ट दिवस मधल्या खात्यात थांबतील. तेवढ्यात तक्रार आली तर पडताळणी अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा.

'स्थिर' कशाला म्हणायचं, ते मोजमाप मृणालचं होतं. सहा वर्षांपूर्वीचं, तिच्या पीएच.डी.चं.

तिने वहिनींची नोंद उघडली. सात खरेद्या, सगळ्या एकाच दुकानातून. प्रत्येकीपुढे तोच मजकूर: 'फवारणी ड्रोन, अडकलेला माल सोडवणूक'. सातही हिरव्या.

त्यांच्यामध्ये आणखी एक ओळ होती. 'आतली कडी, स्टेनलेस स्टील, सहा इंची, रुपये तीनशे चाळीस.' दोनदा प्रयत्न. दोनदा लाल.

"ही कडी?"

"सैपाकघराच्या दाराला. आतनं लावायला."

"मग बाजारातनं का नाही आणली?"

"अर्ध्या बाजारात त्यांची उठबस. सांजपर्यंत घरात प्रश्न आला असता, कडी कशाला पायजे म्हणून." वहिनींनी पदर सारखा केला. "मोबाइलवर बघितली. छान जाड होती. दाबायला गेले तर पट्टी लाल. वर लिहून आलं, घाबरून खरेदी करू नका, घरच्या माणसांशी बोला."

मृणालने त्या दोन लाल नोंदी पुन्हा वाचल्या.

"तिसऱ्यांदा दाबलं असतं तर कुलूप पडलं असतं," ती म्हणाली. "हे पुढचे व्यवहारच झाले नसते."

"आणि कुलूप का पडलं म्हणून त्यांनी काय केलं असतं, त्याचा हिशेब कोण करणार वन्सं? तुम्ही?"

पट्टी चालू करताना प्रत्येकाकडून खर्चाचा क्रम लिहून घेतला जाई. पाच गोष्टी, निकडीप्रमाणे. क्रमाबाहेरची मोठी खरेदी आली की पट्टी एकदा तो क्रम वाचून दाखवे. मृणालने वहिनींची यादी उघडली. दुसऱ्या जागी शिलाई मशीन होतं, तिसऱ्या जागी चष्मा. पहिल्या जागी लिहिलं होतं: सांगलीत भाड्याची खोली.

"हे कधी लिहिलंत?"

"तीन वर्षं झाली."

"मला बोलला नाहीत."

"तुमच्याच कचेरीत लिहून दिलंय की. तुम्ही वाचलं न्हाई."

वडिलांच्या माघारी माहेरचं रान विकलं गेलं, त्यातला वहिनींचा हिस्सा त्यांच्या खात्यात होता. खोली त्यातून होणार होती. आता सात खेपांत त्यातलं बहुतेक सगळं मधल्या खात्यात जाऊन पडलं होतं आणि परवापासून एकेक करून त्या दुकानाकडे सुटणार होतं. ते सुटलं की वहिनींना दुसरं दार उरत नव्हतं.

"पट्टी सातही वेळा स्थिर दाखवतेय," मृणाल हळू आवाजात म्हणाली. "मी काय लिहू?"

"झालं ते लिहा."

"मी काही पाहिलेलं नाही, वहिनी."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "पाहिलेलं न्हाई?" त्या म्हणाल्या.

"मी दुपारी घरी येते. दादाशी बोलते."

"बोला," वहिनी म्हणाल्या आणि पोचपावतीची घडी करून त्यांनी ती ब्लाउजमध्ये ठेवली.

दादाचं खतांचं आणि औषधांचं दुकान बाराव्या गल्लीत, खाली. वर घर. मृणाल अडीच वाजता पोचली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि रणधीर खराडे वरच्या सोफ्यावर मोबाइल छातीवर ठेवून पडला होता. अंगापिंडाने भरलेला, हसरा, गल्लीतल्या सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस. रक्त द्यायचं असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारा.

"या, सरकारी बाई!" तो उठून बसला. "माझ्या पट्टीचं कुलूप काढायला आलीस न्हवं?"

"कुलूप मला काढता येत नाही. तीस दिवसांनी आपोआप निघतं."

"तवर माझा माल बुडतोय की."

"माल नाहीच आहे, दादा."

"नाही कसा? पैले दोन ड्रोन आले का न्हाई? शिरोळच्या रानात जाऊन फवारा मारून आलो मी. ह्या हातानं."

"ते दोन खरे पाठवले, कारण पुढचे चाळीस न पाठवता पैसे घ्यायचे होते. गळाला गांडूळ खरंच लावावं लागतं."

दादा खो खो हसला. "म्हंजे मी मासा व्हय? पद्मा, ऐकलंस का? तुझ्या नवऱ्याला मासा म्हणालीया ही. चहा टाक माशाला."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला.

"फसव्या दुकानाच्या खुणा तुला माहीत नाहीत असं नाही," मृणाल म्हणाली.

"माहीत? पाठ हायत." दादाने बोटं मोजली. "पत्ता तपासा. माल परत घेण्याची अट वाचा. निम्म्या किमतीला भुलू नका. आधीचे पैसे सोडवायला नवीन पैसे भरू नका. घड्याळ लावून घाई करत असतील तर उठून पाणी प्या. तुझा कागद माझ्याच दुकानात लावलाय. रोज गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो."

"मग?"

"अगं, ते गिऱ्हाइकांसाठी. मी काय गिऱ्हाईक हाय? मी डीलर हाय. तालुक्याची एजन्सी हाय माझी. डीलरला थोडं अडकवावं लागतं."

तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर काहीतरी वाजलं. त्याने स्क्रीन बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी पुसून काढावं तसं गेलं. मृणालला शेजारून दिसलं. बंदरावरचा माल तीन वाजता लिलावात जाणार. माल सोडवण्याचं शेवटचं शुल्क भरा. खाली आकडे उतरत होते. अकरा मिनिटं, दहा मिनिटं एकोणसाठ सेकंद.

"पद्मा," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "हिकडं ये."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. आधी ट्रे ठेवला, मग पुढे आल्या. मृणालच्या ते लक्षात आलं.

"दाब."

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

"तक्रार दिलीया मी. सकाळी. वन्संकडं."

दादाने मृणालकडे बघितलं. मग त्याने वहिनींच्या थोबाडीत मारली.

वहिनींचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. त्याने त्यांचा डावा हात धरून त्यांना उभं ठेवलं आणि पुन्हा मारलं, उलट्या हाताने. खालचा ओठ दातावर फाटला. पट्टी लाल झाली. दादाने मोबाइल त्यांच्या अंगठ्याजवळ नेला नाही. तो पट्टीवरच्या आकड्याकडे बघत होता.

"पयल्या दोन खेपंला मी चुकत हुतो," तो धापा टाकत म्हणाला. मृणालला समजावून सांगत असल्यासारखा. "लगीच दाबणार हुतो, बघितलं तर पट्टी लाल. मग ध्यानात आलं. घाई करायची न्हाई. आकडा साठावर आला की दाबायचं."

मृणालने मागून त्याचा शर्ट धरला. कापड टरकलं. त्याने कोपर मागे मारलं आणि ती कपाटाच्या लोखंडी कोपऱ्यावर जाऊन आदळली. उजव्या खांद्यात काहीतरी सरकलं. ती जमिनीवर बसली तेव्हा छातीत हवाच नव्हती. तिथून तिच्या डोळ्यांच्या रेषेत वहिनींचं मनगट होतं.

११८. १२१.

दादाने त्यांच्या पोटात गुडघा घातला. त्या वाकल्या. त्याने हात पाठीमागे नेला आणि पिरगाळला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज आला. वहिनी ओरडल्या नाहीत. एक लांब, पोकळ श्वास बाहेर आला, एवढंच.

१२४. ९६.

मृणाल ओरडत होती. आपण काय ओरडतोय ते तिला कळत नव्हतं. खाली गल्लीत एक रिक्षा थांबली आणि परत सुरू झाली.

७१. ६३.

वहिनींचे डोळे उघडे होते आणि समोरच्या भिंतीवर होते. पापणी हलत नव्हती. चेहरा सैल झाला होता, झोपलेल्या माणसाचा होतो तसा. ओठाचं रक्त हनुवटीवरून थेंब थेंब पडत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

५८.

पट्टी हिरवी झाली. दादाने त्यांचा अंगठा मोबाइलवर टेकवला. मोबाइलमधून एक आनंदी सूर वाजला आणि एका बाईचा गोड आवाज म्हणाला, अभिनंदन, आपली मागणी नोंदवली गेली आहे.

दादा सोफ्यावर बसला. त्याने टॉवेलने मान पुसली.

"बघ," तो म्हणाला. "हिरवी. तुझीच पट्टी म्हणतीया, राजीखुशीनं दिलं."

मृणाल भिंतीला धरून उठली.

"दवाखान्यात ने तिला," त्याने मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं. "पाय घसरला म्हण. तुझी गाडी हाय न्हवं?"

डॉक्टरांनी वहिनींच्या मनगटाच्या वरचं हाड मोडल्याचं सांगितलं, मृणालच्या खांद्यालाही झोळी बांधली आणि दोघींना प्लास्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. कंपाउंडरने पट्टी वहिनींच्या सुजलेल्या मनगटावरून कात्रीने कापून काढली होती. मृणालने ती खिशात ठेवली होती. आता तिने टॅब मांडीवर घेऊन डाव्या हाताने आजची नोंद उघडली.

हा आलेख तिने आधी पाहिला होता. सातही व्यवहारांत तोच होता. नाडी चढते, एका क्षणी कडा तुटावा तशी खाली कोसळते, आणि मग ठोके इतके सारखे पडतात की घड्याळ लावावं. पण ओळख त्याच्याही आधीची होती. तिने पीएच.डी.चं जुनं दफ्तर उघडलं. दोनशे बारा स्वयंसेवक. स्थिरतेचं मोजमाप त्यातल्या दहा सर्वांत शांत माणसांवरून काढलेलं. आणि त्या दहांत सगळ्यांत शांत, जिची नाडी नमुना म्हणून शोधनिबंधात छापली होती, ती क्रमांक सतरा.

तिने दोन्ही आलेखांचे शेवट एकावर एक ठेवले. ते जुळले.

मांजराच्या तोंडातला उंदीर धडपडतो, आणि एका टप्प्यावर धडपडायचा थांबतो. तो मेलेला नसतो. त्याच्या मेंदूने ठरवलेलं असतं की आता पळता येणार नाही, लढता येणार नाही, आणि शरीर एकेक दिवा मालवत जातं. हृदय मंदावतं, वेदना बोथट होते, आवाज लांब जातात. माणसाच्याही शरीरात भीतीच्या खाली हा दुसरा तळ असतो. एकदा रस्ता पडला की पुढच्या वेळी शरीर तिथं लवकर पोचतं. साठ ठोक्यांवर यायच्या दोन वाटा आहेत. एक शांततेची आणि एक भीतीच्या पलीकडची. प्रकाशाच्या किरणाला फक्त साठ कळतात.

हे सगळं मृणालला सहा वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. पाठ्यपुस्तकात होतं. फक्त ते उंदरांच्या प्रकरणात होतं.

मोजणीला बायका कमी पडत होत्या, म्हणून तिने घरून वहिनींना नेलं होतं. इतर लोकांना खुर्चीत बसल्यावर स्थिरावायला आठ-दहा मिनिटं लागत. वहिनी बसल्या त्याच स्थिर. मध्येच कर्कश भोंगा वाजवून दचकवायची पद्धत होती. वहिनी दचकल्या नाहीत. मार्गदर्शक सर कौतुकाने म्हणाले होते, अशी नाडी तपस्व्याची असते. दफ्तरात मृणालच्या अक्षरात एक टिपण होतं. 'क्र. १७. मानेवर ताजा डाग, फोडणीचं तेल उडालं असं सांगितलं. मोजणीशी संबंध नाही.'

"वहिनी," ती म्हणाली. "मी तुम्हाला प्रयोगशाळेत नेलं होतं, आठवतं? त्या दिवशी सकाळी काय झालं होतं?"

वहिनींचा ओठ सुजला होता. त्या हसल्या तेव्हा टाक्यातून पुन्हा रक्त आलं.

"तुम्हाला ठावं न्हाई?"

मृणालने टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"तुम्ही मला न्यायला आला होता. जिन्यात होता तुम्ही. अर्ध्या जिन्यात. माझी मान ह्यांच्या हातात होती आणि माझं तोंड दाराकडं होतं. तुमची निळी ओढणी दिसली मला. वाटलं, सुटले." त्यांनी मोडका हात मांडीवर जरा सरकवला. "मग तुम्ही खाली गेलासा. आणि गाडीचा हॉर्न वाजवलासा."

"मला वाटलं, हॉर्न वाजवला की तो थांबेल."

"थांबलं की. त्यांनीच साडी नीट करून दिली मला. लोकं वाट बघत असतील म्हणाले." वहिनींचा आवाज कुणा तिसऱ्याची हकिगत सांगावी तसा सपाट होता. "वाटेत तुम्ही म्हणालासा, वहिनी, तुम्ही किती शांत असता. मला वाटलं, चेष्टा करताय."

प्लास्टरच्या खोलीतून कंपाउंडरने नाव पुकारलं. वहिनी उठल्या. मृणालने टॅब उलटा करून ते दोन आलेख पुन्हा समोर घेतले. कोटभर मनगटांवर आज ती पट्टी होती. त्या प्रत्येक मनगटाला, शांत म्हणजे काय, ते मार खाऊन आलेल्या एका बाईवरून शिकवलेलं होतं. आणि ते शिकवणारीने तो मार जिन्यातून पाहिला होता.

पोलीस ठाण्यात हवालदार सुषमा घोरपडे यांनी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, दवाखान्याचा कागद वाचला. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या. वहिनींनी सगळं सांगितलं. घोरपडेबाईंनी सगळं टाइप केलं. मग पट्टीचा क्रमांक घातला आणि पडद्यावरची माहिती वाचून त्या थांबल्या.

"मारहाणीचा गुन्हा मी घेतेय," त्या मृणालला म्हणाल्या. "पण मॅडम, हे बघा. दोन वाजून बावन्न मिनिटं, स्थिर. ह्या म्हणतायत हात मोडला तो दोन एक्कावन्नला. उद्या त्यांचा वकील हेच पान पुढं करणार. हात मोडताना बाई शांत होत्या? खरेदी करत होत्या? मग हात नंतर पडून मोडला. आणि पैसे तर तुमच्याच केंद्राच्या सहीवर अडलेत. तिथं काय लिहिणार आहात?"

"काय लिहिणार!" दारातून दादा म्हणाला. "खरं तेच लिहील की."

तो न्हाऊन, धुतलेला शर्ट घालून आला होता. त्याने घोरपडेबाईंना वाकून नमस्कार केला. वहिनींच्या प्लास्टरकडे त्याने नवीन भांडं बघावं तसं बघितलं.

"साहेब, जिन्यात घसरली ती. हिचाही खांदा तिला सावरताना गेला. होय ना गं मृणू?"

"तुम्ही बाहेर थांबा," घोरपडेबाई म्हणाल्या.

"थांबतो की. एक मिनिट, बहिणीशी बोलतो. सख्खी हाय." तो मृणालच्या खुर्चीमागे आला आणि वाकला. त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता. त्याने हात तिच्या झोळी बांधलेल्या खांद्यावर मायेने ठेवला आणि अंगठा सांध्यात रोवला.

"घरचं घरात ऱ्हाऊ दे," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पट्टी खोटी म्हणालीस तर आधी तुझी डिग्री जाती. नोकरी जाती. देशभर तोंड काळं. माझं काय, मी जामिनावर सुटून दुकान उघडीन. आणि आईला काय सांगशील? भावाला आत घातला म्हणून?"

अंगठा आणखी आत गेला. मृणालच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिला ओरडायचं होतं, आणि मग ओरडावंसं वाटेनासं झालं. पंख्याचा आवाज लांब गेला. टेबलाची कड, घोरपडेबाईंचे हात, पडद्यावरची अक्षरं, सगळं काचेपलीकडचं झालं. दुखणं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यात होतं. तिची नजर सवयीने आपल्या मनगटावर गेली. ८८. ७४. ६२. मग पट्टीची कड हिरवी झाली.

म्हणजे हे असं असतं, तिला वाटलं. आतून असं असतं.

तिथं बसून राहणं सोपं होतं. तिथं कुणी काही विचारत नव्हतं. समोर वहिनी बसल्या होत्या आणि त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी तिच्याकडून अपेक्षा ठेवणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

मृणालने जीभ दाताखाली धरली आणि जोरात चावली. तोंडात रक्ताची चव आली. पंख्याचा आवाज परत आला, आणि त्याच्याबरोबर खांद्याची कळ, पूर्ण, तिची स्वतःची. पट्टी लाल झाली.

"हात काढ," ती म्हणाली.

"काय?"

"हात काढ, दादा."

घोरपडेबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दाराकडे बघून एका शिपायाला हाक मारली. दादा हसत दोन पावलं मागे सरकला, दोन्ही तळहात वर करून.

"मॅडम," घोरपडेबाई बसून चष्मा सारखा करत म्हणाल्या, "तुमच्या वहिनींनी सांगितलं ते मी लिहिलंय. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंत, तेवढंच सांगा. नसेल पाहिलं तर तसं सांगा."

वहिनींनी मान वळवली.

"लिहून घ्या," मृणाल म्हणाली. आवाज फाटला, म्हणून ती पुन्हा म्हणाली. "लिहून घ्या. रणधीर खराडे माझा सख्खा भाऊ आहे. तो बायकोला मारतो. आज तिचा हात त्याने माझ्यासमोर मोडला आणि मोडलेल्या हाताचा अंगठा धरून खरेदी केली. सहा वर्षांपूर्वीही मारताना मी पाहिलं होतं, आणि गप्प राहिले. त्याच दिवशी मी तिची नाडी मोजली आणि तिला स्थिरता म्हटलं. ती स्थिरता नव्हती. माझं मोजमाप चुकलेलं आहे, हिच्या पट्टीतही आणि बाकी सगळ्यांच्याही. आठही खरेद्या मी रद्द करतेय. खाली माझं पूर्ण नाव घाला."